नावाचा रकाना

२०२० च्या एप्रिलमध्ये मामीने मला एक काम सांगितलं. कंपनीने लॅपटॉप देऊन घरी पाठवलं होतं आणि पुण्यातली खोली बंद करून मी आजोळी येऊन बसलो होतो. आजोळ म्हणजे भाटघर धरणाच्या पाण्याकडेचं एक गाव. गच्चीच्या एका कोपऱ्यात फोर-जीच्या दोन कांड्या यायच्या, तेच माझं ऑफिस. मामी वर आली, पदराला हात पुसत म्हणाली, "पुण्याला जायचा पास निघतो का बघ रे. दवाखान्यात जायचंय. गोळ्या सोमवारपर्यंतच पुरतील."

"कसल्या गोळ्या?" मी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं. डोक्यात बीपी, थायरॉईड असं काहीतरी होतं.

तिने कमरेची पिशवी उघडून एक हिरवं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये नीट जपलेलं. त्यावर 'एआरटी' लिहिलेलं होतं. पहिली तारीख २००६ ची होती.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. म्हणजे मी नऊ वर्षांचा असल्यापासून माझी मामी एचआयव्हीची औषधं घेत होती आणि दर दिवाळीत, दर मे महिन्यात तिच्या हातचं जेवणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या आईला म्हाइत आहे. तुला सांगायचं राहून गेलं."

त्या सोमवारच्या आत गोळ्या आणल्या. वाटेत रिकामा हायवे आणि तीन ठिकाणी पोलिस. प्रत्येक ठिकाणी 'काय आजार?' हा प्रश्न. मी प्रत्येक वेळी 'हार्ट' म्हणालो. परत येताना लक्षात आलं, की आमच्या घराने वीस वर्षं जे केलं, ते मी पहिल्याच दिवशी न शिकवता करायला लागलो होतो.

हा लेख त्या पुस्तकामुळे लिहिला आहे. मला जाणून घ्यायचं होतं की २००१ मध्ये मामा गेला आणि २००६ मध्ये गोळ्या सुरू झाल्या, त्यामधली पाच वर्षं ही बाई आणि तिची मुलगी जगल्या कशा. उत्तर घरातच होतं, पण ते समजायला महाराष्ट्राचा थोडा इतिहास वाचावा लागला.

धरणाच्या वरची गावं

भाटघर धरण कापूरहोळहून भोरला जाताना लागतं. वेळवंडी नदीवर इंग्रजांनी आधी एकोणिसाव्या शतकात एक धरण बांधलं आणि मग त्याच्या जागी १९२० च्या दशकात आजचं मोठं लॉइड धरण उभं केलं. साडेतेवीस टीएमसी पाणी त्यात मावतं. जलाशयाला आज येसाजी कंकांचं नाव आहे. हे पाणी नीरेच्या कालव्यांतून खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. तिकडे ऊस झाला, कारखाने झाले. धरणाच्या वर, भोर-वेल्ह्याच्या डोंगरात, पावसाळ्यात भात आणि नाचणी आणि उन्हाळ्यात समोर दिसणाऱ्या पाण्याकडे बघत हंडे वाहणं.

म्हणून आमच्याकडच्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबई गाठली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी माथाडी. बायका गावी भात लावायच्या, पुरुष मनिऑर्डर पाठवायचे. गणपती आणि जत्रेला घरी यायचे. माझा मामा नव्वदच्या दशकात नव्या मुंबईच्या एका बाजारात हमाली करत होता. एका खोलीत बारा-पंधरा गडी, जेवण खानावळीत. लग्न झालं तेव्हा मामी एकोणीस वर्षांची होती.

२००० च्या पावसाळ्यात मामा ताप घेऊन घरी आला तो परत गेलाच नाही. एका दवाखान्यात त्याच्या केसपेपरवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि कागद त्याच्या पायाशी, खाटेला लावून ठेवला. वाचता येणारा प्रत्येकजण वाचून गेला. सफाईवाल्याने त्याच्या खाटेखाली झाडू मारणं बंद केलं. आजी सांगते, "लिवलेलं काय व्हतं ते मला वाचता येत नव्हतं. पर समद्यांची तोंडं वाचता येत व्हती."

पहिली यादी

भारतात एचआयव्ही सापडला तो १९८६ मध्ये, मद्रासला. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी जमवलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून. त्यानंतर थोड्याच काळात मुंबईतही रुग्ण सापडू लागले. सरकार काही करायला लागलं ते मोजण्यापासून आणि मोजणं म्हणजे याद्या करण्यापासून.

अशाच एका यादीने गोव्यात काय केलं, ते आपल्या पिढीला ठाऊक नाही. पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. १९८९ मध्ये त्याच्या रक्तात विषाणू आढळला आणि एके दिवशी पोलिसांनी त्याला उचलून एका जुन्या, ओसाड क्षयरोग रुग्णालयात बंद केलं. तो तिथे ६४ दिवस होता. गुन्हा काही नव्हता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्याची आई मुंबई उच्च न्यायालयात गेली, लोक रस्त्यावर आले, तो सुटला. न्यायालयाने मात्र तो कायदा रद्द केला नाही. डॉमिनिकने पुढे लपायचं नाकारलं, स्वतःच्या नावानिशी बोलत राहिला, 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये वारला.

त्याच १९९२ मध्ये दिल्लीत नॅको ही राष्ट्रीय संस्था सुरू झाली आणि पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था. जागतिक बँकेचं कर्ज आलं. पण त्या पैशांचं मुख्य उद्दिष्ट होतं प्रतिबंध, म्हणजे लागण पसरू न देणं. पुढे २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' प्रकल्प आला, त्याचाही भर तिथेच. त्यासाठी 'लक्ष्यगट' ठरवले गेले: वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया, ट्रकचालक, स्थलांतरित मजूर. हे आवश्यकच होतं आणि त्याने अनेक जीव वाचले.

पण माझी मामी कोणत्याच गटात बसत नव्हती. ती लग्न झालेली, गावात राहणारी, एका मुलीची आई होती. तिला लागण होऊन गेली होती, त्यामुळे प्रतिबंधाला उशीर झाला होता. आणि औषध परवडण्यासारखं नव्हतं. १९९६ पासून जगात तीन औषधांची एकत्र उपचारपद्धत होती, पण तिचा खर्च वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर. प्रतिबंध आणि औषध यांच्या मधल्या या रिकाम्या जागेत जे लोक होते, त्यांच्यासाठी मोठ्या योजनांत ओळच नव्हती. ती जागा धर्मादाय संस्थांनी भरली.

जे मध्ये उभे राहिले

या संस्था कुठल्या एका आराखड्यातून उगवल्या नाहीत. प्रत्येकीच्या मुळाशी समोर येऊन ठेपलेलं एखादं माणूस आहे.

सांगलीत १९९२ पासून मीना शेषू यांची 'संग्राम' काम करू लागली. त्यांनी वेश्यावस्तीतल्या बायकांनाच कार्यकर्त्या केलं आणि १९९६ मध्ये त्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. पुण्यात विजयाताई लवाटे यांनी बुधवार पेठेतल्या स्त्रियांमध्ये काम करता करता त्यांच्या मागे उरणारी मुलं पाहिली आणि १९९७ मध्ये 'मानव्य' सुरू केली. पौड रस्त्यावर भूगावजवळ त्या मुलांचं घर झालं. 'प्रयास' ही पुण्यातलीच संस्था, १९९४ ची. तिथल्या डॉक्टरांनी उपचारासोबत समुपदेशन हे तितकंच महत्त्वाचं काम मानलं.

पंढरपुरात मंगलताई शहा यांना गोठ्यात सोडून दिलेल्या दोन लहान बहिणींबद्दल कळलं. आईवडील एड्सने गेलेले आणि नातेवाईक हात लावायला तयार नाहीत. ठेवून घेईल अशी जागा शोधली, मिळाली नाही, म्हणून त्यांनी घरी आणल्या. २००१ मध्ये त्यातून 'पालवी' उभी राहिली. पुढे २००७ मध्ये लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी 'सेवालय' सुरू केलं, गावाचा विरोध सोसून.

आमच्यापासून सगळ्यात जवळची जागा म्हणजे पाचगणी. भोरहून मांढरदेवीचा घाट चढून वाईला उतरायचं आणि पुन्हा पसरणी घाट चढायचा. तिथलं बेल-एअर रुग्णालय १९१२ मध्ये डॉ. रुस्तम बिलीमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी काढलं, नंतर ते रेडक्रॉसकडे आलं आणि नव्वदच्या दशकापासून तिथे एचआयव्हीचे रुग्ण घेतले जाऊ लागले. क्षयाला लोक जसं घाबरायचे, तसेच आता याला घाबरत होते. आजार बदलला, खाटा त्याच राहिल्या.

मराठी समाजाला हे तसं नवं नव्हतं. कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभं करणारे बाबा आमटे सांगत, की दान माणसाला खच्ची करतं आणि श्रम त्याला उभं करतात. हा विचार आपल्याकडे इतका रुजला आहे, की नुसतं धान्य वाटणं आपल्याला कमी प्रतीचं वाटतं. मलाही वाटायचं. मग मी पोत्याबद्दल ऐकलं.

पोतं

मामा गेल्यावर तीन महिन्यांनी एक ताई एसटीने आल्या. त्या कुठल्या संस्थेच्या होत्या ते मी लिहिणार नाही, मामीने तसं सांगितलंय. त्यांना हे घर कसं सापडलं, तर ज्या दवाखान्यात तो लाल शाईचा कागद लागला होता, तिथल्याच एका नर्सने मामीला विचारून निरोप दिला होता. एकाच दवाखान्यात दोन्ही प्रकारची माणसं होती.

ताई दर महिन्याला यायच्या. सोबत दहा किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, तेलाची पिशवी, शेंगदाणे, गूळ. जूनमध्ये वह्या आणि गणवेशाचं कापड. मामीला साध्या तापाची, जुलाबाची औषधं, आणि दर सहा महिन्यांनी पुण्याला तपासणीसाठी जायचं भाडं. यात कुठेही 'स्वावलंबन' नव्हतं. शिलाई मशीन नव्हतं, प्रशिक्षण नव्हतं. मामीचं वजन तेव्हा ३६ किलो होतं. जी बाई विहिरीवरून हंडा आणू शकत नाही, तिला उभं राहण्याआधी जिवंत राहायचं असतं. बाबांचं म्हणणं चूक नव्हतं, त्याची वेळ यायची होती. तांदूळ त्या वेळेपर्यंत पोचवण्यासाठी होता.

पण आजी ज्या गोष्टीबद्दल अजून बोलते, ती वेगळीच. ते धान्य साध्या, कोऱ्या पोत्यातून यायचं. त्यावर संस्थेचं नाव नाही, लाल रिबीन नाही. ताई जीपने येत नसत कारण जीपवर पाटी असते. गावात त्या 'मामीच्या माहेरकडच्या' होत्या. त्या आल्या की पाटावर बसून चहा घेत, मामीच्याच कपबशीतून. आजी म्हणते, "त्या बाईनं कपाला तोंड लावलं तवा मला कळलं, की आपणबी लावाया हवं." तोवर घरात मामीची भांडी वेगळी होती. औषधाचा एक कणही न देता त्या कपाने आमच्या घरातली भांड्यांची वाटणी संपवली.

माझी मामेबहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिची तपासणी झाली, ती निगेटिव्ह निघाली. तरीही शाळेत कोणीतरी कुजबुजलं आणि वर्षभर ती बाकावर एकटी बसली. तिने मला हे गेल्या वर्षी सांगितलं, चेष्टेच्या सुरात. "सगळा बाक माझा होता. तुला कधी मिळाला का?"

गोळी येते

२००१ च्या फेब्रुवारीत सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तिन्ही औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी जाहीर केली. दिवसाला एका डॉलरहून कमी. जगभरच्या किमती त्यानंतर कोसळल्या. तरी तेव्हाच्या दराने ते वर्षाला सोळा हजारांच्या आसपास होतात. मनिऑर्डर बंद झालेल्या घराला तेही अशक्य होतं. मामाला तर त्याचाही उपयोग नव्हता, तो त्याच वर्षी गेला.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी सुरू केली. जास्त लागण असलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता आणि पहिल्या केंद्रांमध्ये मुंबईचं जे. जे. रुग्णालय. मग हळूहळू इतर शहरांत केंद्रं निघाली. २००६ च्या शेवटी लहान मुलांसाठी वेगळी योजना आली. सुरुवातीला सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्यावरच गोळ्या मिळत. म्हणजे आधी पुरेसं आजारी पडायचं. ही अट टप्प्याटप्प्याने सैल होत २०१७ मध्ये गेली. आता निदान झालं की औषध सुरू. मामीला २००६ मध्ये गोळ्या मिळाल्या. ताईंनी तिला धरून केंद्रात नेलं होतं. दोन वर्षांत ती भातलावणीला उतरली.

२००७ मध्ये आणखी एक गोष्ट झाली, जी मला इंजिनीअर म्हणून फार विचार करायला लावते. त्याआधी भारतात ५७ लाख लोकांना एचआयव्ही असल्याचा अंदाज होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची आणि वाढवलेल्या निरीक्षण केंद्रांची माहिती आल्यावर तो २५ लाखांवर आला. लोक बरे झाले नव्हते, मोजणी सुधारली होती. चांगलीच बातमी. पण बातमीचं एक गणित असतं. आकडा निम्म्यावर आला, औषध मोफत झालं आणि लोकांच्या मनात 'एड्सचा प्रश्न' सुटला. आमच्या ताई सांगतात, की औषधं आल्यानंतरच्या वर्षांत देणगीसाठी फोन केला की समोरून विचारलं जायचं, "आता तर सरकार फुकट देतं ना?"

सरकार गोळी देतं, हे खरं. पण गोळी रिकाम्या पोटी टिकत नाही आणि केंद्रापर्यंत चालत येत नाही. मजुरीचा दिवस मोडून, एसटीचं भाडं घालून माणसाला जावं लागतं, आणि ते एकदा-दोनदा नव्हे, आयुष्यभर.

दाखला

याचीही सोय कागदावर आहे. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितांना मासिक अनुदान मिळू शकतं. ते ६०० रुपये होतं, मग १०००, आता १५०० आहे. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. बालसंगोपन योजनेत एचआयव्हीमुळे पालक गमावलेल्या किंवा आजारी पालकांच्या मुलांना घरीच वाढवण्यासाठी पैसे मिळतात. पूर्वी महिन्याला ४२५ रुपये होते, आता २२५० आहेत. एसटीच्या सवलतींच्या यादीतही एचआयव्हीबाधित प्रवासी आहेत.

आता ही यादी आमच्या गावातून वाचा. सवलत हवी तर कार्ड कंडक्टरला दाखवायचं, आणि कंडक्टर शेजारच्या गावचा. अनुदान हवं तर अर्जावर आजार लिहायचा, आणि अर्ज ज्याच्या हातून जाईल तो आपल्याच भावकीतला. मामीने एसटीची सवलत एकदाही घेतली नाही. निराधारचं अनुदान विधवा म्हणून घेतलं. तिने आणि ताईंनी मिळून शोधलेली ही वाट होती, कायदेशीर आणि निमूट. हक्क दोन होते, तिने तो वापरला ज्यात बोलावं लागत नव्हतं.

मला वाटतं, या संस्थांचं निम्मं काम इथेच होतं, माणूस आणि योजना यांच्या मधलं ते अंतर सांभाळण्याचं. कुठला कागद कुठल्या टेबलावर द्यायचा, कोणाच्या नाही. ते कुठल्याच अहवालात 'लाभार्थी संख्या' म्हणून दिसत नाही.

नाव न सांगण्याचा हक्क

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक खटला निकाली निघाला. एका कंपनीत हंगामी काम करणाऱ्या मजुराला कायम करण्याआधी तपासणी झाली, एचआयव्ही निघाला आणि त्याला काढून टाकलं. काम करायला तो धडधाकट होता. न्यायालयाने सांगितलं, काम करू शकणाऱ्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते खटल्याचं नाव: 'एमएक्स विरुद्ध झेडवाय'. त्या मजुराला स्वतःचं नाव न उघडता न्याय मागू दिला गेला. डॉमिनिकच्या ६४ दिवसांनंतर आठ वर्षांनी आपण इथवर आलो.

आणखी वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, एचआयव्ही-एड्स कायदा संसदेत मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय माहिती उघड करायची नाही, नोकरी, शाळा, घर, मालमत्ता यांत भेदभाव नाही. त्यात एक कलम आहे, जे वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला. एचआयव्हीग्रस्त कुटुंबाचा कारभार पाहणारं, बारा वर्षं पूर्ण झालेलं समजूतदार मूल आपल्या धाकट्या भावंडांचं पालक होऊ शकतं. शाळाप्रवेशासाठी, उपचारासाठी, बँकेच्या खात्यासाठी.

बारा वर्षांचं मूल. कायदा लिहिणाऱ्यांना अशी घरं किती दिसली असतील, जिथे मोठं माणूस म्हणून सातवीतली मुलगी उरली होती, तेव्हा हे कलम आलं असेल.

माझी शीट

दोन वर्षांपूर्वी मी एका छोट्या संस्थेसाठी शनिवार-रविवार काम करायला लागलो. वेगळ्या जिल्ह्यातली, वेगळी संस्था. त्यांच्याकडे शंभरेक कुटुंबं होती आणि सगळा हिशोब वह्यांत. मी उत्साहाने एका रात्रीत शीट बनवली. पहिला रकाना: नाव. मग गाव, फोन, सीडी-४, मुलांची इयत्ता, मदत. फिल्टर, रंग, आलेख, सगळं. लिंक सहा जणांना शेअर केली.

तिथल्या कार्यकर्त्या ताईंनी ती पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "नाव काढा."

त्यांनी जुनी वही दाखवली. वीस वर्षांच्या नोंदी, प्रत्येक ओळीला फक्त आकडा. आकडा कोणाचा, ते दुसऱ्या एका वहीत, आणि ती वही कुलपात. दोन्ही वह्या एकत्र एसटीत न्यायच्या नाहीत, हा नियम. मला हसावं की रडावं कळेना. ऑफिसात मी हेच काम पगार घेऊन करतो. ग्राहकांची नावं झाकायची, ओळख वेगळ्या टेबलात ठेवायची, कोणाला काय दिसेल ते ठरवायचं. बँकेच्या ग्राहकाचं नाव झाकायला मला कोणी सांगावं लागत नाही. या बायकांची नावं मात्र मी लिंकवर टाकून मोकळा झालो होतो, कारण 'मदतीचं काम' म्हटल्यावर मला ती गोष्ट सुचलीच नाही. आणि त्या कुलपातल्या वहीत कुठेतरी माझ्याच मामीसारखी एक ओळ होती.

शीट मी त्याच दिवशी खोडली आणि नव्याने बांधली. पण खरी अडचण नंतर आली. एका कंपनीने वर्षाचं शिक्षणसाहाय्य द्यायची तयारी दाखवली आणि लाभार्थ्यांची नावं, फोटो, शक्य असेल तर छोटा व्हिडिओ मागितला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनाही त्यांच्या वरच्यांना पुरावा द्यायचा होता. ताईंनी आकड्यांची यादी आणि शाळेच्या फीच्या पावत्या, नाव झाकून, पाठवल्या. पैसे आले नाहीत. त्या वर्षी चाळीस मुलांच्या वह्या संस्थेने उधारीवर घेतल्या.

मी ताईंशी वाद घातला. म्हटलं, झाकून ठेवल्याने कलंक वाढतोच ना? डॉमिनिक नावानिशी उभा राहिला. पालवी, सेवालयातली मुलं लोकांसमोर येतात, गातात, बोलतात, म्हणून तर लोकांची भीती गेली. ताई म्हणाल्या, "ते त्यांनी ठरवलं. तांदळाच्या बदल्यात नाही ठरवलं."

मला आजवर मिळालेलं हे सगळ्यात नेमकं उत्तर आहे. स्वतःहून सांगितलेलं नाव धाडस असतं. मदतीच्या बदल्यात मागितलेलं नाव वसुली असते. या चाळीस वर्षांच्या इतिहासात दोन्ही आहेत, लाल शाईचा तो कागद आणि कोरं पोतं. दोघांमधला फरक उपकार किती मोठा होता यात नाही, नाव कोणाच्या ताब्यात राहिलं यात आहे.

मामी

मामी आता पन्नाशीजवळ आली आहे. रोज रात्री जेवल्यावर एक गोळी. विषाणूची मोजणी सापडण्याच्या पातळीखाली आहे. मामेबहीण भोरला एका मेडिकल दुकानात काम करते, फार्मसीची पदविका करून. मामाच्या वाट्याची जमीन मामीच्या नावावर करून घ्यायला अकरा वर्षं लागली, आणि त्या प्रत्येक खेपेला त्या जुन्या ताई एसटीने तहसीलला आल्या होत्या. त्या आता थकल्यात, पुण्याला मुलाकडे असतात. मामी दर पावसाळ्यानंतर त्यांना नवा तांदूळ पाठवते. दहा किलो. कोऱ्या पोत्यात.

हा लेख लिहायच्या आधी मी मामीला विचारलं. गच्चीवरच, त्याच कोपऱ्यात. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझं नाव नको. गावाचं नको. तुझं घाल, तुला काय होतंय. आणि त्या कपाचं लिही. लोकांना वाटतं फक्त गोळीनं जगले."

म्हणून कपाचं लिहिलं. भाटघरच्या पाण्याकडेला अशी बरीच गावं आहेत. यातलं कोणतं ते शोधू नका.